आयात मालामुळे नोकरकपात: सरकारी मदत काय मिळते?

प्रश्न: बेळगावातल्या उद्यमबागच्या फाउंड्रीत १२ वर्षं मोल्डर (साचे बनवणारा). चिनी कास्टिंगमुळे (ओतीव मालामुळे) ऑर्डरी आटल्या. मालक राजीनामा मागतोय. देऊ का?

उत्तर १: अजिबात नको! कपातीची भरपाई तिथंच बुडते. कपातीचं लेखी पत्र मागा. आयातीसाठी म्हणून वेगळी योजना आपल्याकडे नाही, पण एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. म्हणजे १८० दिवसांचा. ग्रॅच्युइटी वेगळी.

उत्तर २: पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापतात ना? दोन वर्षं वर्गणी भरली असेल तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत पहिले १२ महिने निम्मा पगार, पुढचे १२ महिने पाव. गोची एकच: ईएसआयच्या ऑनलाइन नोंदीत 'नोकरी सोडली' असं पडलं की अर्ज अडकतो. पत्र कन्नडात आलं तर सहीआधी वाचून घ्या.