मुख्याध्यापक लवचिक असले की मुलांचे मार्क खरंच वाढतात का?

प्रश्न (खडू_फळा):
नमस्कार सगळ्यांना. एमएड करतेय, नोकरी सांभाळून. प्रबंधाचा विषय ठरलाय, मुख्याध्यापकांची परिस्थितीनुसार बदलायची तयारी आणि विद्यार्थ्यांचे निकाल. पण मुख्याध्यापक काही रोज वर्गावर जात नाहीत, मग त्यांच्या लवचिकपणाचा फरक मुलाच्या गणिताच्या पेपरात दिसणार कसा? दुसरं म्हणजे आमच्याकडे सारखा नवा उपक्रम येतो, आधीचा अर्धवटच राहतो, शिक्षक पार वैतागलेत. ही पण लवचिकताच म्हणायची का?

उत्तर (अभ्यासू):
पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे, ते वर्गावर जात नाहीत म्हणूनच परिणाम शिक्षकांमार्फत होतो, थेट नाही. हॅलिंजर आणि हेक या संशोधकांनी १९९८ मध्येच आधीचे अभ्यास तपासून हे मांडलं होतं. आकडे हवे असतील तर मार्झानो, वॉटर्स आणि मॅकनल्टी यांचं २००५ चं काम बघा, ६९ अभ्यास एकत्र करून त्यांना नेतृत्व आणि निकाल यांच्यात सरासरी ०.२५ सहसंबंध मिळाला (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). त्यात लवचिकता वेगळी मोजलीय, ती ०.२८, आणि शाळेत आतून काय चाललंय याचं भान, ते ०.३३. म्हणजे बदलण्याआधी काय बिघडलंय ते कळणं जास्त महत्त्वाचं, असं मी तरी वाचतो. आणि त्यांच्या व्याख्येत लवचिकता म्हणजे नुसतं स्वतः बदलणं नाही, कोणी विरोधात बोललं तर ते ऐकून घेता येणं पण त्यातच येतं. हा भाग बरेच जण सोडून देतात, तुम्ही सोडू नका.

उत्तर (निवृत्त_एचएम):
बाई, दुसऱ्या प्रश्नावर बोलतो कारण तो मला जास्त जिव्हाळ्याचा आहे. सारखे उपक्रम बदलणं ही लवचिकता नाही हो, ती धरसोड. ध्येय तेच ठेवायचं आणि वाट बदलायची, लोक नेमकं उलटं करतात.

एक उदाहरण देतो. सहावीला अपूर्णांकांची चाचणी झाली, पेपर बघितले तर निम्मा वर्ग १/३ आणि १/४ ची बेरीज २/७ लिहून मोकळा, वरचे अंक वर मिळवले, खालचे खाली. गणिताच्या बाई म्हणाल्या, सर मला पुढचा धडा घ्यायचा नाहीये, पोरांना छेदच कळलेला नाही, पण पोर्शन मागे पडेल. आता इथे नियमावर बोट ठेवणारा म्हणतो पोर्शन पूर्ण करा. आम्ही काय केलं, तीन आठवडे सहावीच्या दोन्ही तुकड्यांचा गणिताचा तास एकाच वेळी लावला, दोन शिक्षक, आणि मुलं तुकडीप्रमाणे न बसवता ज्याला जिथे अडलंय तिथे बसवली. एक गट कागदाच्या पट्ट्या दुमडत होता, दुसरा उदाहरणं सोडवत होता. त्यासाठी इतर विषयांचे तास हलवावे लागले, त्या शिक्षकांशी आधी बसून बोललो, ते काम माझं होतं, बाईंचं नाही. तीन आठवड्यांनी परत तसलीच चाचणी, तेव्हा २/७ लिहिणारी पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली.

मी एकही तास घेतला नव्हता. वेळापत्रक हलवायचा अधिकार माझ्याकडे होता, तेवढा वापरला.

उत्तर (आकडेमोड):
सरांचं उदाहरण आवडलं, पण प्रबंधासाठी सावध रहा ताई. एकाच प्रश्नावलीत शिक्षकांना मुख्याध्यापक कसे आहेत आणि शाळा कशी चाललीय दोन्ही विचारलं तर संबंध आपोआप फुगतो. निकाल चांगला लागला की सगळ्यांना मुख्याध्यापक पण चांगलेच वाटतात, म्हणजे कारण आणि परिणाम यांचा बाण उलटाही असू शकतो. म्हणून मार्क शाळेच्या रेकॉर्डमधून घ्या, मुलांचे मागच्या वर्षीचे मार्क सोबत धरा. अजून एक, रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासात सगळ्यात मोठा परिणाम, ०.८४ (हा सहसंबंध नाही, परिणामाचा आकार म्हणजे इफेक्ट साइझ आहे, वरच्या आकड्यांशी थेट तुलना नको), शिक्षकांच्या शिकण्यात मुख्याध्यापक स्वतः सहभागी होतात याचा निघाला. तो प्रश्न तुमच्या प्रश्नावलीत हवाच.

खडू_फळा:
खूप आभार सगळ्यांचे! विरोध ऐकून घेण्याबद्दल प्रश्न घालतेच, पण शिक्षक मोकळेपणाने उत्तर देतील का?

आकडेमोड:
मुख्याध्यापक गोळा करणार असतील तर नाही देणार. बिननावाचा फॉर्म ठेवा, तुम्ही स्वतः गोळा करा, आणि "तुमचे मुख्याध्यापक लवचिक आहेत का" असं विचारण्यापेक्षा "या वर्षी एखाद्या शिक्षकाच्या सांगण्यावरून वेळापत्रक किंवा पद्धत बदलली का, कोणती" असं विचारा. घडलेली गोष्ट लोक बऱ्यापैकी खरी सांगतात.