बेसमेंटमध्ये ठेवलेले दोन सिलिंडर

फ्लॅट ३०१ : सर्वांना नमस्कार. गच्चीवरील पाण्याच्या टाकीचा कठडा दुरुस्त करणारे कारागीर काल संध्याकाळी आपले दोन सिलिंडर बेसमेंटमध्ये, लिफ्टच्या खड्ड्याला लागूनच ठेवून गेले आहेत. एक उंच आणि काळा आहे, तर दुसरा आपल्या स्वयंपाकघरात असतो तसा लाल आहे. मुले त्याच कोपऱ्यात सायकली लावतात, म्हणून विचारते, हे सिलिंडर तिथे राहू द्यावेत का?

सचिव : ताई, काम अजून दोन दिवस चालणार असल्याने ते तिथे ठेवण्याची परवानगी मीच दिली होती. दोन्हींचे व्हॉल्व्ह बंद असल्याचे कारागिरांनी सांगितले आहे. तरीही फ्लॅट २०४ मधील काकांची बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीच्या, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्याच्या, गॅस स्टोअरमध्ये बरीच वर्षे नोकरी झाली आहे, त्यांनी कृपया मत द्यावे.

फ्लॅट २०४ : सचिवसाहेब, मी आताच खाली जाऊन दोन्ही सिलिंडर पाहून आलो. सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न केवळ या दोन दिवसांपुरता नाही.

काळा सिलिंडर औद्योगिक ऑक्सिजनचा आहे. लाल सिलिंडर घरगुती एलपीजीचा, १४.२ किलोचा आहे. दोन्ही मिळून लोखंड कापण्यासाठी, म्हणजे गॅस कटिंगसाठी वापरले जातात. लाल सिलिंडरची अडचण आधी सांगतो. एलपीजी हवेपेक्षा सुमारे दीडपट ते दुप्पट जड असतो, त्यामुळे तो गळला तर वर उडून न जाता जमिनीलगत पसरतो आणि जो खड्डा, जे गटार किंवा जो उतार मिळेल तिथे साचतो. बेसमेंट हा इमारतीचा सर्वांत खालचा भाग आणि लिफ्टचा खड्डा हा त्या बेसमेंटचाही तळ. हवेत त्याचे प्रमाण साधारण २ टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो आणि लिफ्टच्या विजेच्या यंत्रणेत उडालेली एखादी ठिणगी त्यासाठी पुरेशी असते. व्हॉल्व्ह बंद असल्याचे कारागीर सांगतात, ते खरे असेलही, पण आतील सील झिजलेले असल्यास बंद व्हॉल्व्हमधूनही गॅस झिरपतो. म्हणूनच एलपीजी तळघरात ठेवू नये, हा या व्यवसायातला अगदी पहिला धडा आहे.

दुसरी बाब, गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार ज्वलनशील वायूचे सिलिंडर इतर वायूंच्या सिलिंडरपासून पुरेशा अंतरावर किंवा मध्ये भिंत घालून ठेवावे लागतात. आपल्याकडे दोन्ही एकमेकांना टेकून उभे आहेत. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्या प्रत्येक वस्तूला तो भडकवतो, आणि तेल किंवा ग्रीस लागलेल्या व्हॉल्व्हवर दाबाखालचा ऑक्सिजन आला तर ठिणगीशिवायही आग लागते. पार्किंगच्या फरशीवर आपल्या दुचाकींचे तेल सांडलेले असते आणि त्याच फरशीवर हा सिलिंडर उभा आहे. भरलेल्या सिलिंडरमध्ये दाब सुमारे १५० किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो. तो आडवा पडून व्हॉल्व्ह तुटला तर जड सिलिंडर भिंतही फोडू शकतो. त्यावर टोपी नाही आणि तो साखळीने बांधलेलाही नाही.

फ्लॅट ४०२ : काका, एक विचारू का? २०२१ मध्ये सासऱ्यांसाठी आम्ही घरी ऑक्सिजन आणला होता, तो सिलिंडरही काळाच होता. मग हा आणि तो एकच का? रात्री-अपरात्री गरज पडली तर हाच वापरता येईल, असे मला वाटले होते.

फ्लॅट २०४ : सूनबाई, हा प्रश्न विचारलात ते फार बरे झाले, कारण हाच गैरसमज जिवावर बेतू शकतो. औद्योगिक सिलिंडरच्या रंगांसाठी भारतीय मानक ४३७९ आणि वैद्यकीय सिलिंडरच्या रंगांसाठी भारतीय मानक ३९३३ आहे. त्यांनुसार औद्योगिक ऑक्सिजनचा सिलिंडर पूर्ण काळा, तर वैद्यकीय ऑक्सिजनच्या काळ्या सिलिंडरचे खांदे पांढरे असतात. ॲसिटिलीनचा मरून, नायट्रोजनचा राखाडी आणि त्याची मान काळी असते. पांढऱ्या खांद्यांचा रंग उडाला की फरक दिसेनासा होतो. त्यामुळे रंगाने अंदाज करावा, पण निर्णय लेबल वाचूनच घ्यावा, असे आम्ही नव्या कामगारांना पहिल्याच दिवशी सांगत असू.

शुद्धतेचे आकडे पाहिले तर दोन्हींत फारसा फरक वाटणार नाही, कारण लोखंड कापायलाही ९९ टक्क्यांहून शुद्ध ऑक्सिजन लागतो. फरक उरलेल्या अंशात आणि सिलिंडरच्या इतिहासात आहे. वैद्यकीय ऑक्सिजनमध्ये कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा किती असावा याच्या मर्यादा ठरलेल्या असतात आणि त्या तपासल्या जातात. औद्योगिक सिलिंडर आतून गंजलेला असेल, त्यात आधी काय भरले होते याची नोंद नसेल, तर तो वायू रुग्णाच्या फुप्फुसात जाणे धोक्याचे. २०२१ मध्ये नायट्रोजन व आर्गॉनचे सिलिंडर वैद्यकीय ऑक्सिजनसाठी वापरण्यास परवानगी मिळाली होती, परंतु ते आधी रिकामे करून, आतून स्वच्छ करून, व्हॉल्व्ह बदलून आणि रंग पालटूनच. इथल्या कोणत्याही सिलिंडरला कृपया मास्क जोडू नये.

जोडणीतही मुद्दाम फरक ठेवलेला असतो. ऑक्सिजनचे आटे उजवे आणि इंधन वायूंचे डावे असतात, शिवाय इंधन वायूच्या नटावर खाचा असतात, म्हणजे अंधारातही बोटाला फरक कळावा. चुकीचा रेग्युलेटर बसत नसेल तर तो जोर लावून बसवू नये, कारण ते न बसणे हीच सुरक्षितता आहे.

सचिव : काका, मग दोन्ही सिलिंडर उन्हात, गेटजवळ नेऊन ठेवले तर चालेल का?

फ्लॅट २०४ : मोकळी हवा हवी, ऊन नको. एलपीजीच्या मानकात, म्हणजे भारतीय मानक ४५७६ मध्ये, ब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचा बाष्पदाब ४० अंश सेल्सिअसला १०५० किलोपास्कलपेक्षा अधिक नसावा असे ठरवले आहे. तापमान वाढले की दाबही वाढतो. गेटच्या आतल्या बाजूला, आंब्याच्या सावलीत लाल सिलिंडर उभा ठेवावा. काळा मागच्या भिंतीला, खिळा ठोकून साखळीने बांधून ठेवावा. दोन्हींच्या मध्ये आपला पंपरूम येतो, ते उत्तम.

तपासणीची मुदतही वाचून आलो. लाल सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर एक अक्षर आणि वर्ष असते. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जून, सी म्हणजे सप्टेंबर आणि डी म्हणजे डिसेंबर. या सिलिंडरची ती मुदत उलटून गेली आहे. शिवाय घरगुती सिलिंडर कटिंगसाठी वापरणे हे एलपीजी पुरवठ्याच्या २००० सालच्या आदेशात बसत नाही. कारागिरांनी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर आणावा आणि पाइपांवर फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत उलटी पाइपमधून सिलिंडरकडे जाऊ न देणारी झडप, बसवावेत, अशी अट सोसायटीने कामाच्या पत्रातच घालावी. हे मी आग्रहाने सांगतो.

फ्लॅट १०३ : माफ करा, थोडे वेगळे विचारतो. पुढे घरात पाइपने नैसर्गिक वायू आला तर हेच सगळे लागू होईल का?

फ्लॅट २०४ : नाही. तो मुख्यतः मिथेन असल्याने हवेपेक्षा हलका असतो आणि छताकडे साचतो. तिथे वरच्या झरोक्याकडे लक्ष द्यायचे, इथे जमिनीकडे.

सचिव : आताच कारागिरांशी बोललो. मी आणि वॉचमन मिळून दोन्ही सिलिंडर काकांनी सांगितलेल्या जागी नेऊन ठेवले आहेत. नवा सिलिंडर येईपर्यंत कटिंग थांबवले आहे. ‘बेसमेंटमध्ये कोणताही गॅस सिलिंडर ठेवू नये’ अशी पाटी लिहायची आहे. कारागीर बहुतेक कन्नडच वाचतात, त्यामुळे ती मराठी आणि कन्नड दोन्हींत हवी.

फ्लॅट ३०१ : कन्नड मजकूर मी लिहून देते. काका, पाटी दारात लावायची की लिफ्टजवळ?

फ्लॅट २०४ : उतार जिथे सुरू होतो तिथे, दारावरच लावा. सिलिंडर खाली नेण्याआधीच ती वाचली गेली पाहिजे.