"समुद्रात दगडं मोजायला सरकारी पैसा कशाला" म्हणणाऱ्यांसाठी

रंकाळा वॉकर:
काल इथं पोस्ट पडली होती, "मालवणात शास्त्रज्ञ सरकारी खर्चानं पाण्यात डुंबत्यात आणि दगडं मोजत्यात, तेवढ्या पैशात पंचगंगा साफ झाली असती". खाली सगळे दात काढतायत. मला काय राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

ती दगडं म्हणजे प्रवाळ, बारक्या समुद्री जिवांनी बांधलेले खडक. आणि डुंबत्यात म्हणजे काय रे? तळावर ५० मीटरचा टेप ताणायचा, त्याच्या कडेकडेनं सरकायचं, ठरलेल्या अंतरावर चौकट ठेवून फोटो काढायचा, प्लास्टिकच्या पाटीवर शिसपेन्सिलनं लिहायचं, वरनं लाट ढकलतीय, पाणी गढूळ, हातभर पुढचं दिसत नाही, आणि सिलिंडरचा काटा खाली चाललाय. मग वर येऊन एकेका फोटोत जिवंत प्रवाळ किती, मेलेलं किती, शेवाळ किती, वाळू किती हे काढत बसायचं. आणि काही महिन्यांनी परत त्याच जागी. ह्याशिवाय घटलं का वाढलं ते कळणार कसं? प्रवाळ समुद्रतळाच्या एक टक्क्यापेक्षा कमी जागेत असतं आणि समुद्रातल्या जवळजवळ पाव जाती तिथं आसऱ्याला असतात. विजयदुर्गपासून साधारण १०५ किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांचं नाव असलेलं बुडालेलं पठार, माथा २० मीटरवर. तिथं शास्त्रज्ञांची मोठी मोहीम गेली कधी, तर डिसेंबर २०१९. एवढं आपल्या दारात असून.

आणि लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं मासा आणताना तो कुठनं आला वाटतंय, राधानगरी धरणातनं?

पंचगंगा घाट:
माझीच पोस्ट ती. नाव घ्यायला लाजलास काय भावा.
नदी तर वर्षानुवर्षं मोजत्यात की. पाण्याचे नमुने, अहवाल, समित्या, कोर्ट, सगळं झालं. उन्हाळा आला की फेस आणि मेलेले मासे तरंगतेतच. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली, माझ्या मेव्हण्याच्या घरात तिघं आजारी, तेव्हा पण अहवाल होतेच. थर्मामीटर लावला म्हणून ताप उतरत नाही एवढंच म्हणणं हाय माझं. आणि तिकडं मालवणात तरी काय चाललंय, एकीकडं खरा रीफ, म्हणजे प्रवाळाचा खडक, वाचवा म्हणायचं आणि दुसरीकडं निवतीजवळ नेव्हीचं जुनं गुलदार जहाज बुडवून खोटा रीफ करायचा, वर पाणबुडीतनं पर्यटक फिरवायचे. अभ्यास बिभ्यास सगळा तिकीट विकायला.

झूलॉजीवाली:
थर्मामीटर फोडला म्हणून पण उतरत नाही दादा.
प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला अन्न पुरवतं आणि रंग पण त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापून आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की ते शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. लगेच मरत नाही, पाणी वेळेत निवलं तर सावरतं. म्हणजे आधी किती होतं, पांढरं किती पडलं, सावरलं किती, हे तीन वेळा बघितल्याशिवाय काहीच बोलता येत नाही. एप्रिल २०२४ मध्ये जगभर चौथ्यांदा असं पांढरं पडतंय म्हणून जाहीर झालं, ते असल्याच "दगडं मोजणाऱ्यांच्या" नोंदींवरून.
मुंबईच्या कोस्टल रोडचं पण बघा. वरळी आणि हाजी अलीला प्रवाळ आहे हे नोंदीत आलं म्हणून २०२० मध्ये ते हलवायची परवानगी घ्यावी लागली. नोंद नसती तर गुपचूप भरावाखाली. वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे ते, वाघाच्या ओळीत.

पंचगंगा घाट:
हलवून पुढं जगलं किती ते पण सांगा की मग.

झूलॉजीवाली:
तेच तर मोजावं लागतं!!

मालवणवाली सून:
मी मालवणची, लग्न होऊन इथं आले. दोन्हीकडचं ऐकून कंटाळा आलाय म्हणून लिहिते.
मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ ला जाहीर झालं, साधारण २९ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड, सगळा तोच पट्टा. माझे बाबा रापणीला जायचे, म्हणजे किनाऱ्यावरनं जाळं ओढून मासे धरायला. त्यांना कुणी येऊन विचारलं नाही, कागद आला तो थेट "इथं हे करायचं नाही ते करायचं नाही". आमच्याकडं अजून अभयारण्य म्हटलं की म्हातारी माणसं तोंड फिरवतात. आणि रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की समुद्रात दिवाळी दिसते, एलईडी लावून मासे गोळा करतात. २०१७ पासून केंद्राची बंदी आहे बरं का त्याला. रापणवाल्याला कायदा आणि दिवेवाल्याला मोकळं रान. मोजणारे ह्याचा अहवाल कधी करणार?
दुसरं म्हणजे स्कूबा. गेल्या मे महिन्यात माहेरी गेले होते, भावाच्या होडीत बसून बघत होते. एक ग्रुप पाण्यात, एकजण फोटोसाठी सरळ प्रवाळावर उभा राहिला, दुसरा मासे जवळ यावेत म्हणून पिशवीतनं पावाचे तुकडे सोडतोय. गाडीची पाटी एमएच ०९. सांगायला नको कुठली.

कसबा बावड्याचा:
झालं, आलं कोल्हापूरवर! अहो ताई आमच्या एमएच ०९ वरच चालतंय की तुमचं मालवण. शनिवार रविवार आम्ही नाही आलो तर ती हॉटेलं कुणाच्या जिवावर चालणार? सुरमई थाळी मागितली तर ताटात शेपटीकडचा कागदासारखा तुकडा आणि बिल बघितल्यावर सोलकढी घशात अडकते. पावाचा तुकडा टाकला म्हणून समुद्र संपला होय? आणि ही सगळी पर्ससीननं तळ खरवडल्यामुळं झालेली बोंब हाय, आमच्यामुळं नव्हे.

झूलॉजीवाली:
पर्ससीन म्हणजे मोठं गोल जाळं, ते वरच्या पाण्यातला माशांचा थवा वेढतं, तळाला लागायचं कारण नाही. तळ खरवडतो ट्रॉलर. जड फळ्या आणि साखळी ओढत नेतो, त्यात प्रवाळ, शिंपले, स्पंज, मध्ये येईल ते मोडतं. शिव्या द्या पण योग्य माणसाला द्या.

साधा माणूस:
आणि सुरमईचा रीफशी एवढा संबंध लावू नका, ती मोकळ्या पाण्यातली. रीफच्या कपारीतला म्हणजे गोबरा, तांबोशी, शेवंड. धागा काढणाऱ्यानं लक्ष्मीपुरीचा डायलॉग मारला तो निम्मा पोकळ हाय.

रंकाळा वॉकर:
सुरमईचं नाव मी काढलंच नाही, वर जाऊन वाचा. आणि गोबरा, तांबोशी तुम्ही खातच नाही वाटतं.

कसबा बावड्याचा:
थाळीच्या रेटबद्दल कुणीच बोलेना. बरं ते राहू दे, पंचगंगेची घाण शेवटी समुद्रातच जातीय ना? मग मालवणचं प्रवाळ त्यानं पण मरत असणार. म्हणजे नदी आधी साफ करा हेच बरोबर.

साधा माणूस:
पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा जाते बंगालच्या उपसागराला. मालवण बरोब्बर उलट्या अंगाला. एवढं चौथीच्या पुस्तकात होतं.

कसबा बावड्याचा:
वा, गुरुजी भेटले! नमस्कार घ्या.

मालवणवाली सून:
रेटचं बोलायचंय तर हे पण बोला. पापलेट २०२३ ला राज्यमासा केला आणि त्याच वर्षी ५४ जातींची किमान लांबी ठरवली, पापलेटला १३५ मिलिमीटर. इथं बाजारात तळहाताएवढं पण नाही असं पापलेट "कवळं हाय वैनी, काटा पण लागणार नाही" म्हणून गळ्यात मारतात. मी एकदा म्हटलं हे पकडायला बंदी आहे, तर मावशी म्हणाल्या तुमची पट्टी घेऊन या, मी मासा देते मोजायला. मागं उभी असलेली बाई तेवढ्यात दोन वाटे घेऊन गेली पण.

साधा माणूस:
मावशींचं काय चुकलं? त्या घाटाखालनं आलेला माल विकतात. जाळ्याची आस, म्हणजे भोकं, मोठी ठेवली तर पिल्लं आपोआप निसटतात, तपासणी बंदरावर करा.

मालवणवाली सून:
बंदरावर करा म्हणजे परत आमच्याच बाबांवर. आणि तुम्ही घेणं बंद करा असं नाही सुचत.

पंचगंगा घाट:
बघा, मोजून, नियम करून, लांबी ठरवून झालं आणि बारकं पापलेट लक्ष्मीपुरीत मिळतंयच. हेच कालपासून सांगतोय मी. तरी मोजा बापडे, माझी ना नाही, फक्त तसलाच एक टेप पंचगंगेवर शिरोळकडं पण पाठवा, तिथं फोटो काढायला सिलिंडर लागत नाही, नाक दाबलं की झालं.

रंकाळा वॉकर:
"ना नाही" एवढं बोललास, कालच्या पोस्टखाली पण लिही.

पंचगंगा घाट:
लाईक थांबल्यावर लिहितो.

कसबा बावड्याचा:
ते सोडा. शनिवारी पोरं घेऊन निघायचंय, करूळ घाटानं जाऊ का फोंड्यानं? आणि ताई, रागावू नका, थाळी बरी मिळेल असं एखादं घरगुती ठिकाण सांगा.

मालवणवाली सून:
सांगते, पण गाडीत पाव दिसला तर पत्ता चुकीचा देईन.