ऑइल बाथ काढण्याआधी वॉशर तपासा
जुन्या गाडीतला ऑइल बाथ फिल्टर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा वाटीतल्या तेलाने गाळणारा, आता जुनाट झाला, तो काढून सरळ कागदी बसवा, असं काही जण सुचवतात, ते मला पटत नाही. तेलाची पातळी बरोबर असेल तर तो धूळ चांगली धरतो. हवा तेलावर येऊन झटकन वळते, जड धूळ तेलात पडते आणि उरलेली ओल्या जाळीत अडकते. फक्त तेल खुणेच्या वर भरू नका, जास्तीचं तेल कार्बुरेटरमध्ये (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागात) ओढलं जातं आणि गाडी निळसर धूर सोडते.

पण कुणीच न बोललेली गोष्ट म्हणजे फिल्टर आणि कार्बुरेटरमधला सांधा हवाबंद ठेवणारा वॉशर. माझ्या जीपचा वाळून चिरला होता. वाटीतलं तेल स्वच्छ दिसायचं म्हणून मी निर्धास्त होतो! एकदा फिल्टरकडून कार्बुरेटरकडे जाणारी नळी काढून आतून पांढरं फडकं फिरवलं, तर बोटभर रुंद तपकिरी पट्टा उमटला. हवा फिल्टरला वळसा घालून थेट आत जात होती. नवा वॉशर बसवताना त्याची बैठक घासून साफ केली, क्लिप आवळली. आता दर वेळी तेल बदलताना फडकं फिरवतोच. कागदी बसवणार असाल तरी हवा-पेट्रोलचं मिश्रण पुन्हा जुळवून घ्या, हवेचा अडथळा बदलतो.