पुरुषांनो, त्या वेळी तुम्ही काय केलंत? (अनुभव धागा)

आमच्या वरच्या मजल्यावर मारहाण होते. गेलं वर्षभर ऐकतो आहे. आधी भांडं आपटतं, मग तिचा आवाज येतो आणि मग एकदम सगळं शांत होतं. त्या शांततेत मी कूस बदलून झोपतो. मागच्या मंगळवारी ती लिफ्टमध्ये भेटली, ओठ सुजलेला होता. मी म्हणालो, "आज पाऊस पडणार बहुतेक." ती म्हणाली, "हो ना." ते बोलणं डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

बाईवरची हिंसा म्हटलं की सोसायचं बायकांनी, बोलायचं बायकांनी आणि मोर्चेही बायकांनीच काढायचे. मला पुरुषांकडून ऐकायचं आहे. थांबवलंत, थांबवता आलं नाही, स्वतः हात उचललात, जे असेल ते लिहा. मतं नकोत, घडलेलं हवं. बायकांनीही लिहावं: कुणाची मदत झाली आणि कुणाची मदतच नडली. तिची ओळख पटेल असा तपशील मात्र टाळा.

चाळकरी

लालबागची चाळ, 2009 साल. त्याआधीच्या वर्षापासून टीव्हीवर 'बेल बजाओ'ची जाहिरात लागायची. शेजारी मारहाण ऐकू आली तर जाऊन बेल वाजवा, एवढंच त्यात सांगितलेलं. आमच्याकडे बेल नव्हती, कडी होती. वडील म्हणायचे, नवरा-बायकोच्या मधे पडू नये. मी तेव्हा 22 वर्षांचा. एका रात्री उठलो, कडी वाजवली आणि विचारलं, "काका, तुमच्याकडे पाणी आलं का?" रात्री साडेअकराला पाणी! त्यालाही कळलं, मलाही कळलं. पण आतलं थांबलं.

दुसऱ्यांदाही तेच केलं. तिसऱ्यांदा त्याने माझी कॉलर धरली. तेव्हा मागे पाहिलं तर आई गॅलरीत येऊन उभी होती, आणि तिच्यामागे आणखी चार दारं उघडली होती. वडीलही आले, चष्मा न लावता. पुढे आई त्या काकूंना घेऊन पोलिसांकडच्या महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षात गेली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेले हे कक्ष. तिथल्या ताईंनी काकूंना पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला काय हवंय?" आई सांगायची, काकूंना उत्तरच देता येईना. असं कुणी कधी विचारलंच नव्हतं.

रविवार

मी मारणारा आहे. आधी 'होतो' लिहिलं होतं, खोडलं.

नऊ वर्षांत किती वेळा, हे मला सांगता येणार नाही. तिला सांगता येईल. दारूला दोष देणार नाही, न पिताही मारलं आहे. सगळ्यांना सांगायचो की राग आवरत नाही. समुपदेशकाने एकदाच विचारलं, "साहेबांवर राग येतो तेव्हा हात उठतो का?" नाही उठत. साहेबांसमोर आवरतो. ट्रॅफिक पोलिसासमोर आवरतो. म्हणजे मला आवरता येत होतं, घरी मी आवरत नव्हतो. त्या दिवशी घरी चालत गेलो, बस पकडावीशी वाटली नाही.

मुलगी सहा वर्षांची असताना मी चपला काढायचा आवाज आला की ती वह्या गोळा करून पलंगाखाली जायची. मला वाटायचं, खेळते आहे.

बायको परत आलेली नाही. तिने यावं असं म्हणायचा हक्क मला नाही. रविवारी मुलीला भेटतो. पुरुषांच्या एका गटात दर पंधरवड्याला जातो. तिथे "ती पण काही कमी नव्हती" असं वाक्य कुणी सुरू केलं की बाकीचे हात वर करून थांबवतात. मलाही दोनदा थांबवलं आहे.

धाकटी

रविवार, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. शाबासकी देणार नाही, ती तुम्ही मागितलेलीही नाही. पण त्या साहेबांच्या प्रश्नाने मला माझीच दहा वर्षं नव्याने दिसली.

मी माहेरी आले तेव्हा मामा म्हणाले, "दिल्या घरी सुखी राहावं." भाऊ काही बोलला नाही. माझ्या खोलीत त्याने धान्याची पोती ठेवली होती, ती उचलून बाहेर नेऊ लागला. सात पोती. मग गादी घातली.

दुसऱ्या दिवशी चौकीत गेलो. चार तास बसलो. हवालदार सगळे प्रश्न भावाला विचारत होते: काय झालं, कधी झालं, तडजोड करता का. दर वेळी भाऊ म्हणत होता, "माझ्याशी नको, तिच्याशी बोला." आवाज न चढवता, सहा-सात वेळा. शेवटी त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मदत म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी ती खुर्ची वळली ते सांगते.

उलट, मी सासरी असताना चुलतभाऊ परस्पर नवऱ्याला "समज द्यायला" गेला होता. तो समज देऊन घरी जाऊन जेवला. त्या रात्री मला काय झालं ते इथे लिहीत नाही.

केसपेपर

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. "न्हाणीत पाय घसरला" हे मी इतक्यांदा लिहिलंय की पेन आपोआप लिहायचं. पाय घसरलेल्या माणसाच्या दंडावर चार बोटं उमटत नाहीत, हे मला दिसत नव्हतं असं नाही.

आमच्या सिस्टरने मला वाटेवर आणलं. नवरा बरोबर असला की ती म्हणते, "दादा, खालून केसपेपरवर शिक्का मारून आणा." मिळणारी पाच मिनिटं आमची. आता मी दार लोटून विचारतो, "घरी कुणी मारतं का?" बऱ्याचजणी नाही म्हणतात. काही दुसऱ्या वेळी आल्यावर हो म्हणतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे 25 टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं होतं. माझ्या ओपीडीच्या बाकावर रोज किती जणी बसतात, ते मी त्या आकड्याने मोजू लागलो आहे.

कायद्याचंही सांगतो, कारण भीती मलाही होती. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्यात संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, माहिती कुणीही देऊ शकतं, शेजारीसुद्धा. चांगल्या हेतूने दिली असेल तर देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. कलम 4 वाचा.

कृष्णाकाठ

माझं वेगळं आहे. इथं बसतं का बघा.

2022 च्या मे महिन्यात आमच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. बांगड्या फोडायच्या न्हाईत, कुंकू पुसायचं न्हाई. त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. आमचं गाव शेजारचंच. पुढच्या वर्षी अण्णा गेले. भावकीतल्या बायका आईला धरून न्हाणीकडं न्यायला लागल्या. मी आडवा झालो. चुलते म्हणाले, "बापाचं मढं घरात असताना तमाशा करतोस?" मी म्हणलं, आईचा हात सोडा.

आईनं नंतर महिनाभर बांगड्या स्वतःच काढून ठेवल्या होत्या. मग एक दिवस हिरव्या न्हाई, निळ्या घातल्या. ज्या हातानं 40 वर्षं आमाला भाकरी घातली त्यो हात धरून फोडाफोड करायची, ही मारहाणच की.

टोरांटोहून

1989 च्या 6 डिसेंबरला माँट्रियालच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एका माणसाने 14 बायकांना त्या बायका आहेत म्हणून मारलं. त्यानंतर 1991 मध्ये इथल्या काही पुरुषांनी बायकांवरच्या हिंसेविरुद्ध पांढरी फीत लावायला सुरुवात केली. मीही दरवर्षी लावतो. पण आमच्याच मंडळातल्या एकाने बायकोचा पासपोर्ट कुलपात ठेवला होता, हे मला दोन गणपती ठाऊक होतं. फीत लावलेली असताना ठाऊक होतं.

वसतिगृह

वय 19. आमच्या मुलांच्या ग्रुपवर वर्गातल्या एका मुलीचा फोटो आला, त्याखाली नको ते. मी लिहिलं, "काढ तो." दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग फोटो गेला. मला सहा जणांनी वेगवेगळा मेसेज केला, "बरं केलंस." सहाही जण त्याच ग्रुपवर होते. तिथे एकानेही लिहिलं असतं तर ती दहा मिनिटं मी घामाघूम झालो नसतो.

धागाकर्ता

वसतिगृह, मुंबईत 'मावा' म्हणजे मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूज ही संस्था 1993 पासून पुरुषांबरोबर, त्यातही तुमच्या वयाच्या मुलांबरोबर काम करते आहे. जमल्यास संपर्क करा. त्या सहा जणांनाही न्या.

मी रागाच्या भरात वर जाऊन त्याला गाठणार होतो. धाकटीचं वाचून थांबलो. काल दुपारी तो कामावर असताना माझी बायको वर गेली. आधी इकडचं तिकडचं झालं. मग तिनेच विचारलं, "रात्री खाली ऐकू येतं का हो?"

बायको म्हणाली, "येतं. वर्षभर येतं."

बराच वेळ दोघी बसल्या. महिला हेल्पलाइनचा 181 आणि तातडीच्या मदतीचा 112 हे दोन नंबर तिने पाठ केले. फोनमध्ये ठेवले नाहीत, तो फोन तपासतो. मधे यावं का, हे बायकोने तिलाच विचारलं. ती म्हणाली, गॅलरीतला दिवा दोनदा लावून बंद केला तर भावजींना येऊ द्या, नाहीतर नको.

आज रात्रीपासून मी हॉलमध्ये झोपतो आहे. तिथल्या खिडकीतून तिची गॅलरी दिसते.