रुग्णवाहिका मिळण्याबरोबरच प्राणवायूचा हिशेबही हवा
रुग्णवाहिका वेळेवर मिळाली की गंभीर रुग्णाला हलवण्याचा निम्मा प्रश्न सुटतो, असे अनेकदा म्हटले जाते. ते काही अंशी मान्य आहे. परंतु साथीच्या काळात अतिदक्षता विभागात काम करताना मला रस्त्यापेक्षा प्राणवायूच्या हिशेबाचीच धास्ती अधिक वाटत असे. सुमारे १,५०० लिटर प्राणवायूचा भरलेला सिलिंडर मिनिटाला १५ लिटर या वेगाने १०० मिनिटे पुरतो, पण तोच रुग्ण नाकातून वेगाने प्राणवायू देणाऱ्या उच्च प्रवाहाच्या नळीवर मिनिटाला ६० लिटर शुद्ध प्राणवायू घेत असेल, तर अवघ्या २५ मिनिटांत काटा शून्यावर येतो. म्हणूनच प्रवासाला लागणाऱ्या अंदाजित वेळेच्या किमान दुप्पट साठा सोबत ठेवावा लागतो, कारण पोहोचल्यावरही खाट रिकामी होईपर्यंत दाराशी थांबावे लागू शकते, आणि त्या काळात तर ते नेहमीचेच झाले होते.

दुसरे म्हणजे, रक्तदाब टिकवणारे औषध देणाऱ्या सिरिंज पंपाची बॅटरी. एकदा रुग्णाला स्ट्रेचरवर घेतल्यावर पंपाचा इशारा वाजू लागला. तो भिंतीच्या विजेवर चालत असल्याने त्याची बॅटरी उतरल्याचे कोणाच्या लक्षातच आले नव्हते. आम्ही दुसरा पंप जोडेपर्यंतच्या दीड-दोन मिनिटांत रक्तदाब झपाट्याने घसरला. तेव्हापासून, निघण्याआधी सर्व उपकरणे दहा मिनिटे बॅटरीवर चालवून पाहिल्याशिवाय मी रुग्णाला खाटेवरून हलवू दिलेले नाही.