मदत हवी आहे : मुरुमांच्या खड्ड्यांसाठी डर्मारोलर, पेन की एमएनआरएफ?

वय २८, गव्हाळ रंग. दोन्ही गालांवर मुरुमांचे खड्डे आहेत: काही पसरट, काही सुईने टोचल्यासारखे बारीक आणि खोल. आयसोट्रेटिनॉइन (मुरुमांची गोळी) दोन महिन्यांपूर्वी बंद झालं. एका ठिकाणी मायक्रोनीडलिंग पेन (बारीक सुयांनी कातडी टोचणारं यंत्र) आणि पीआरपी (आपल्याच रक्तातून काढलेला प्लेटलेट्सचा द्रव) सुचवलं, दुसरीकडे एमएनआरएफ (सुयांसोबत रेडिओफ्रिक्वेन्सी), तिसरीकडे स्किन बूस्टर. ऑनलाइन १.५ मिमी सुयांचा डर्मारोलरही (सुया लावलेला छोटा रोलर) मिळतो. काय निवडावं? काळे डाग पडण्याची भीती वाटते.

प्रतिसाद १
मशीन नंतर, आधी खड्ड्याचा प्रकार ठरवा. गाल दोन बोटांनी ताणून बघा. ताणल्यावर खड्डा जवळपास नाहीसा होत असेल तर तो पसरट (रोलिंग) प्रकार. त्याला खालून तंतू ओढून धरतात. ते सबसिजनने (कातडीखाली सुई घालून तंतू तोडणं) सोडवल्याशिवाय नुसत्या सुयांनी फरक कमीच पडतो. सुईच्या टोकासारख्या बारीक खड्ड्यांना (आइसपिक) कुठलीच नीडलिंग पुरत नाही, कारण ते सुईच्या पल्ल्यापेक्षा खोल असतात. तिथे टीसीए क्रॉस, म्हणजे जास्त तीव्रतेचं ॲसिड खड्ड्याच्या तळाशी टेकवणं, हा उपाय. बहुतेक चेहऱ्यांवर प्रकार मिसळलेले असतात, म्हणून एकच उपचार सांगणाऱ्याला ‘माझे खड्डे कुठल्या प्रकारचे?’ हे जरूर विचारा.

पेन आणि रोलर यांत फरक आहे. पेनची सुई सरळ आत जाऊन सरळ बाहेर येते. रोलरची सुई फिरताना तिरकी शिरते आणि निघताना कातडी उचकटते. शिवाय पेनची खोली जागेनुसार बदलता येते: गालावर साधारण १.५ ते २ मिमी, कपाळावर त्याहून कमी, डोळ्यांखाली अर्धा मिमी. १.५ मिमीचा रोलर घरी वापरू नकाच. रक्त निघेल एवढी खोली, हात निर्जंतुक नाहीत, दोन-चार वापरांत सुया वाकतात, आणि एखादा चालू मुरूम फुटला की जंतू गालभर पसरतात.

स्किन बूस्टर म्हणजे हायल्युरॉनिक ॲसिडची इंजेक्शनं. ओलावा आणि तजेला येतो. खड्डे भरायचं ते काम नाही.

प्रतिसाद २
काळ्या डागांची तुमची भीती रास्त आहे. एमएनआरएफमध्ये सुईच्या टोकातून रेडिओफ्रिक्वेन्सीची उष्णता आतल्या थरात जाते. सुया इन्सुलेटेड असतील तर वरचा रंगद्रव्याचा थर बऱ्यापैकी वाचतो, म्हणून आपल्या रंगाला ते लेझरपेक्षा बरं मानतात. पण ऊर्जा जास्त झाली तर भाजतं, आणि बारीक चेहऱ्यावर खूप खोल गेलं तर खालची चरबीही विरघळू शकते. पेसमेकर असेल तर करायचंच नाही.

आयसोट्रेटिनॉइननंतर पूर्वी सहा महिने थांबवत. आता साध्या नीडलिंगसाठी बरेच त्वचारोगतज्ज्ञ एवढं थांबवत नाहीत. डॉक्टरांना तारीख मात्र सांगा. ओठांवर नागीण येत असेल, जखमेचे वण फुगत असतील (केलॉइड), कोड किंवा सोरायसिस असेल, तर तेही आधीच सांगा.

धागाकर्ती
पीआरपीचे जास्त पैसे घेतात. द्यावेत का?

प्रतिसाद १
पीआरपीने लाली लवकर उतरते, थोडा फायदाही वाढतो. बजेट तंग असेल तर ते पैसे सबसिजनवर घाला. पीआरपी केलंच, तर रक्ताची नळी तुमच्यासमोर उघडली आणि तिच्यावर तुमचं नाव लिहिलं, हे बघा. सुईचं कार्ट्रिजही तुमच्यासमोर नवीन फोडलं पाहिजे.

बधिर करायचं क्रीम ४५ ते ६० मिनिटं ठेवतात आणि सुरू करण्याआधी पूर्ण पुसतात. सिटिंगनंतर २४ तास मेकअप नाही. व्हिटॅमिन सी आणि रेटिनॉल निदान पाच-सात दिवस बंद. टोचलेल्या कातडीत सीरम शिरून गाठी झाल्याच्या नोंदी आहेत. पहिले दोन दिवस सौम्य फेसवॉश आणि साधं मॉइश्चरायझर, मग ३० किंवा त्याहून जास्त एसपीएफचं सनस्क्रीन, उन्हात असाल तर दर दोन-तीन तासांनी. दोन सिटिंगमध्ये चार ते सहा आठवडे. एकूण तीन ते सहा सिटिंग लागतात. खरा फरक तीन महिन्यांनंतर दिसतो, म्हणून पहिल्या दिवशी खिडकीपाशी एका बाजूच्या उजेडात फोटो काढून ठेवा. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत खड्डे दिसतच नाहीत.